हेलिपॅड बदललं तेव्हा

ती सकाळ काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एक मोठे मंत्री हेलिकॉप्टरनं येणार होते. हेलिपॅडभोवतीच्या गावांत ड्रोन उडवायला जिल्हाधिकाऱ्यांची मनाई होती. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या झाडून सगळ्या फोटोग्राफरांची ड्रोनं मी आदल्या दिवशीच ठाण्यात जमा करून घेतली होती आणि स्वतःची पाठही थोपटली होती.

हेलिकॉप्टर उतरायला तासभर असताना जळकोटच्या बाजूच्या एका गावातून पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, तुरीवर लई मोठं ड्रोन फिरतंय. खाली टाकी बांधलीय."

टाकी! माझ्या तर अंगावर काटा आला. जीप काढली आणि थेट शिवारात गेलो.

बांधावर तिशीची एक बाई रिमोट घेऊन उभी होती. आम्हाला बघताच तिनं ड्रोन खाली घेतलं. टाकीत अळीचं औषध होतं. ड्रोन बचत गटाचं, उडवायचा परवाना तिच्या नावावर. पंचनामा केला, ड्रोन जप्त केलं, महिला शिपायाबरोबर तिला ठाण्यात आणलं. मंत्र्यांचा दौरा सुखरूप पार पडला आणि दुपारी मी चौकशीला बसलो.

"मनाई आहे हे माहीत होतं?"

"व्हय."

"मग उडवलं कसं?"

"काल दुपारी म्या तुमच्याच ठाण्यात फोन करून इचारलं. तुमचं गाव यादीत न्हाय म्हणले."

सापडलेला प्रत्येक माणूस असंच काहीतरी सांगतो. मी आवाज चढवला, तीन वेळा फिरवून विचारलं. तिचं उत्तर तेच. खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो, ही घालत नव्हती. "गुन्हा लागला की परवाना जाईल, साहेब," ती म्हणाली. "ड्रोन गटाचं हाय. बायांनी माझ्यावर इस्वास ठेवलाय."

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला, गुन्हा दाखल करा आणि विषय संपवा. मी एक तास मागून घेतला.

स्टेशन डायरी मागवली. आदल्या दुपारची नोंद सापडली: महिलेचा फोन, फवारणीच्या ड्रोनबाबत विचारणा, गाव यादीत नसल्याचे कळवले. ठाणे अंमलदारानं चोख नोंद केली होती आणि त्या वेळी उत्तरही बरोबर होतं. पण संध्याकाळी हेलिकॉप्टरच्या पायलटनं विजेच्या तारांमुळं आधी ठरलेलं मैदान नाकारलं. हेलिपॅड सरकलं आणि तिचं गाव मनाईत आलं. नव्या गावांत दवंडी द्यायला हवी होती. फोटोग्राफरांची ड्रोनं तर सगळी ठाण्यातच आहेत, म्हणून मी ती दिली नाही. फवारणीचं ड्रोन माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि त्या पानाखाली सही कुणाची? माझी! रोज संध्याकाळी न वाचता ठोकायचो, तशीच ठोकलेली. लाज वाटली, खरंच लाज वाटली.

अहवालात सगळं लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, "स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

म्हटलं, "पडू द्या, सर. बाईवर गुन्हा नोंदवणार नाही."

पुढं मला लेखी ठपका मिळाला. तो योग्यच होता.

तिला त्याच संध्याकाळी 'जा' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ड्रोन न्यायला बोलावलं. ती आली, पण ड्रोनला हात लावेना.

"साहेब, काल नेताना सारं गाव बघत हुतं. आज म्या गुपचूप घेऊन गेले तर वशिल्यानं सुटली म्हणतील. मला कामाला कोण बोलवंल? तुम्हीच आणून द्या."

हवालदार खवळले, "अहो बाई, कुणाशी बोलताय?" मी त्यांना गप्प केलं. तिचं खरं होतं.

ड्रोन जीपमध्ये घातलं, तिला बरोबर घेतलं आणि गणवेशातच निघालो. तिच्या गावच्या पारावर माणसं जमवली आणि सांगितलं, "या ताईंची काही चूक नव्हती. चूक माझी होती." दरोडेखोर धरणं यापुढं सोपं वाटलं. मग गर्दीतली एक म्हातारी तिला म्हणाली, "उद्या माझ्या तुरीवर ये गं."

त्या दिवसापासून न वाचता सही केली नाही. आणि निवृत्त होईपर्यंत निर्दोष ठरलेल्या एकाही माणसाला ठाण्याच्या दारातून नुसतं 'जा' म्हटलं नाही. चारचौघांतून उचललं असेल, तर चारचौघांत नेऊन सोडायला मी स्वतः गेलो.