करंजाचं ओलं बी

“तू जरा बाजूला हो. तुझ्या हातांचा वास येतोय.”

आमच्या टीमचा कॅप्टन म्हणाला. सगळ्यांसमोर. टायर देणाऱ्या कंपनीचे पाहुणे वर्कशॉपमध्ये आले होते, गाडीभोवती फोटोसाठी रांग लागली होती. वीस जण, एकसारखे काळे टी-शर्ट. मीही घातला होता, पाठीमागून टाके घालून आवळलेला, कारण माझ्या मापाचा कुणी मागवलाच नव्हता. फोटोत वास येत नाही, एवढं त्या शहाण्याला कळत नव्हतं काय? पण मी बाजूला झाले. वर हसलेसुद्धा. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

वास करंजाच्या तेलाचा होता. त्याच तेलावर त्यांची गाडी पळत होती.

मी जोयडा तालुक्यातली. अणशीच्या पुढं जंगलात आमची वाडी, आठ घरं, सगळी कुणब्यांची. वाडीतून इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिलीच. शहरातल्या कॉलेजात पहिल्या आठवड्यातच माझं नाव ‘जंगल’ पडलं. “जंगल, तुमच्याकडं लाईट आहे का?” “जंगल, वाघ घरी येतो का?” मी बावळटासारखी खरीखरी उत्तरं द्यायचे.

कॉलेजांच्या स्पर्धेसाठी टीमनं बनवलेली ही गाडी म्हणजे जमिनीला टेकेल इतकी बुटकी. छोटं डिझेल इंजिन आणि सोबतीला बॅटरीवरची मोटर. वेगानं पळायची आणि लिटरभर इंधनात सगळ्यांपेक्षा लांब जायची, असा त्यांचा हट्ट. डिझेलही पंपावरचं नको, झाडाचं हवं. पण बाजारातून आणलेल्या करंज तेलाचा दर वेळी चिखल व्हायचा. बी ओलं, बुरसलेलं असलं की तेल बिघडतं. मग त्याचं डिझेल होत नाही, साबण होतो. एवढं पुस्तकात आहे. बी कसं वाळवायचं हे मात्र माझ्या आईला ठाऊक होतं. मी तसं म्हणाले, आणि त्यांनी मला टीममध्ये घेतलं.

आमच्याकडं करंजाच्या शेंगा झाडावरूनच काढतात. फोडायच्या आणि बी चुलीवरच्या माळ्यावर पसरायचं. तीन आठवडे त्याला धूर खाऊ द्यायचा. आई एक बी दातानं फोडून बघते, कडूजहर असतं, थुंकते. कटकन तुटलं तरच बाकीचं खाली काढते. असं पोतंभर बी मी बसमधून आणलं. गिरणीवर तेल काढलं, लॅबच्या ड्रममध्ये रसायनं घालून ढवळलं. पहिल्याच खेपेला पिवळंधमक डिझेल वर आलं. पोरं नाचली. मला वाटलं, आता मी त्यांच्यातली झाले. रिपोर्टात ‘इंधन संशोधन’ यापुढं कॅप्टनचं नाव आलं. आई ‘पुरवठादार’ झाली आणि मी ‘मदतनीस’.

त्या रिपोर्टाच्या प्रती मीच झेरॉक्स करून आणल्या.

सरावात ते डिझेल संपलं. स्पर्धेला बारा दिवस उरले होते. कॅप्टन म्हणाला, “आईला सांग, बी आहे तसं पाठव. वाळवायला वेळ नाही. लॅबच्या ओव्हनमध्ये टाकू.” वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते. बी भिजलेलं असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. डांबरी रस्त्यावरच्या चहावाल्याकरवी मी आईला बोलावून घेतलं आणि फोनवर सांगितलं, धाड.

“वल्लं हाय गं बाय. वल्लं बी कोन धाडतंय?”

मी तिच्यावरच खेकसले. “तुला काय कळतंय त्यातलं? धाड म्हणतात तर धाड.”

हे वाक्य माझं आहे. कॅप्टनचं नाही. ते मी लपवणार नाही.

ओव्हनमध्ये दोनच ट्रे मावत होते. मग पोतं तसंच गिरणीवर गेलं. ड्रममध्ये डिझेलचा थर वर सुटला नाही, सगळं अर्धवट विरजलेल्या दुधासारखं झालं. “हे नीट झालेलं नाही, थांबू या,” मी एकदा म्हणाले. “इथं इंजिनिअर कोण आहे?” कॅप्टननं विचारलं. वरवरचं उपसून टाकीत ओतलं गेलं.

स्पर्धेच्या दिवशी ट्रॅकवरच्या पाचव्या चकरेत इंजिन गुदमरलं. बॅटरीवर गाडीनं अर्धी चक्कर कशीबशी ओढली, मग वळणावर उभी राहिली. फिल्टर उघडला तर आत साबण.

नियम असा होता की दोष गाडीचा नसून बाहेरून घेतलेल्या मालाचा आहे असं लिहून दिलं, तर संध्याकाळी एक फेरी परत मिळते. अर्ध्या तासात कागद छापून आला. ‘पुरवठादाराने बुरशी आलेले बी चांगले म्हणून दिले. ते आणणाऱ्या विद्यार्थिनीने ही गोष्ट लपवली.’ खाली माझ्या सहीची जागा.

“तुझी आई कुठं वाचायला येणार आहे?” कॅप्टन म्हणाला.

आमचे सर अगदी गोड आवाजात म्हणाले, “वीस मुलांच्या मेहनतीचा प्रश्न आहे. आणि तुझे प्रोजेक्टचे मार्क माझ्याकडं आहेत, विसरू नकोस.”

मी पेन उचललं. हो, उचललं. खोटं कशाला बोलू? मार्क गेले तर वर्ष जाणार. वर्ष गेलं तर हॉस्टेल जाणार. मी रिकाम्या हातानं वाडीत परतणार, आणि मग माझ्या धाकट्या बहिणीला कोण शिकू देणार? सही करून मोकळं व्हावं, एवढंच वाटत होतं. पेनचं टोपण काढलं आणि फोन वाजला.

आमच्या वाडीत रेंज नाही. आई तासभर चालून डांबरी रस्त्याला आली होती. तिथल्या चहावाल्याच्या फोनवरून बोलत होती.

“पळाली न्हवं गाडी?”

“न्हाई.”

ती म्हणाली, “माज्या बियानं झालं व्हय गं? माळ्यावर घालाय पायजे हुतं मी. तुला कोन बोललं न्हाई न्हवं? बोललं तर सांग, आईनं चुकी केली म्हणून.”

तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तरी दोष तिनं आपल्या पदरात घेतला होता. जन्मभर तिनं हेच केलं. जो कुणी साहेब समोर येईल त्याच्यापुढं, माझीच चुकी. आणि तेच मी आता कागदावर लिहून देणार होते, माझ्या सहीनं. आधी माझीच लाज वाटली. मग राग आला.

“आई, तुजी चुकी न्हाई,” मी त्या सगळ्यांसमोर म्हणाले. “माजी हाय. तू सांगत हुतीस आनि मी तुला गप केलं.”

फोन ठेवला. छापलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: ‘बी ओलंच पाठवायला कॅप्टननं सांगितलं. ओलं चालत नाही, असं माझ्या आईनं बजावलं होतं. मलाही ते माहीत होतं. मी तिचं ऐकलं नाही.’ सही केली. पूर्ण नाव, वाडीसकट.

“हा कागद दिला तर फेरी मिळणार नाही,” सर म्हणाले. आता आवाज गोड नव्हता. “तू कुठली कोण. तुला आम्ही टीममध्ये घेतलं.”

“मला नाही घेतलं, सर. माझं तेल घेतलं.”

फेरी मिळाली नाही. परतीच्या बसमध्ये कुणी मला सरकून जागा दिली नाही, मी दारापाशी उभी राहून आले. प्रोजेक्टमध्ये नापास झाले. मेसमध्ये मी बसले की समोरची मुलगी ताट उचलून दुसरीकडं जाते. हॉस्टेलची खोली महिनाअखेर सोडायची आहे. कधीकधी वाटतं, केली असती सही तर काय बिघडणार होतं? तोंडावर पांघरूण घेऊन रडते. सकाळी उठते, वर्गात जाते, मागच्या बाकावर एकटी बसते.

त्या विषयाला मी पुन्हा बसणार आहे. त्याच सरांपुढं. खोली नसली तर नसू दे, रोज पहाटेची बस धरून येईन. टीम नसली तर एकटीनं ड्रम मांडीन. बी माळ्यावरून कधी काढायचं, ते माझी आई ठरवील. ती ‘अजून नाही’ म्हणाली, तर गाडी कुणाचीही असो, उभी राहील. राहू दे उभी.