त्या रविवारी मासे नव्हते

स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काकी आधी तुमचं तोंड बघायच्या. हातात डाव, कपाळावर घाम, एक डोळा जरा बारीक केलेला. मग आत वळून सुनेला सांगायच्या, "ह्येका सार वाढ. तळलेला नको." का नको, ते विचारायची सोय नव्हती. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "तोंड बघलंय मी तुझा. आदी जेव, मगे बोल."

अशी एखादी बाई तुमच्याही गावात असेल. नसली तर तुमचं नशीब उणं, एवढंच म्हणेन.

संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आधीची गोष्ट. मी देशावरून मालवणच्या शाळेत मास्तर म्हणून आलो होतो. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर काकींचं घर. समोर सारवलेलं अंगण, तिकडे त्याला खळं म्हणतात, पडवीत तीन बाकं, आणि आतून सतत खोबरं वाटल्याचा आवाज. पाटी कधी लावलीच नाही. यष्टीचे ड्रायव्हर, कचेरीतले कारकून, बोटीची वाट बघणारे उतारू, खलाशी, सगळे तिथंच जेवायचे. काकींचे यजमान, आबा, पहाटे किनाऱ्यावर जाऊन मासे आणत आणि दुपारी सगळ्यांच्या शेवटी जेवत. कोणी त्यांची कीव केली की काकी म्हणायच्या, "भायरचो माणूस उपाशी जाता नये. घो ऱ्हवलो तर चलात. तो खंय जातलो?" आबा बाकावर बसून हसायचे. ते खरंच कुठे जाणार नव्हते.

एकदा तालुक्याचा एक नवा अंमलदार आला. इस्त्रीचे कपडे, चांदीच्या मुठीची काठी. बसल्या बसल्या म्हणाला, "सुरमई तळून आणा." काकींनी दारातून त्याला निरखलं आणि त्याच्यापुढं आली पेज आणि लिंबाचं लोणचं. तो लालबुंद झाला. काकी शांतपणे म्हणाल्या, "सायबानू, तुमचा पोट बिघाडला आसा. सुरमय खंय पळना नाय." साहेबानं हळूच चमचा उचलला. पोट खरंच बिघडलं होतं. पुढं तीन वर्षं तो तिथंच जेवला.

वास्तविक नव्या माणसाला त्या एकदा तरी काय वाढू म्हणून विचारत. साहेबाला विचारलं नाही, म्हणजे तो आल्या पावली घरचा झाला होता. हा त्यांचा नियम होता. "इचारूचा ता परक्याक," त्या म्हणायच्या. "घरच्याक काय इचारूचा?"

मला तिथं प्रथम नेलं पेद्रू मास्तरानं. हा वेंगुर्ल्याचा. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा, आणि गोव्यातल्या मामाकडून दर सुट्टीत एक नवी टोपी घेऊन यायचा. मी खोलीवर स्टोव्हवर भात करपवत होतो, तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, "रे, ह्या जेवाण की शिक्षा? चल माझ्यावांगडा."

आता सांगायचं ते सांगतो. मी भिक्षुकाच्या घरातला. आमच्याकडे कांदासुद्धा चातुर्मासात बंद. वडील गेल्यावर आईनं पूजाअर्चा, सोवळं तसंच चालवलेलं. पहिले दोन महिने काकींनी मला मुकाट्यानं काळ्या वाटाण्यांचं सांबारं, फणसाची भाजी असलं वाढलं. शेजारी पेद्रू तिरफळं घातलेल्या बांगड्यांवर ताव मारायचा आणि मी माझा भात भराभर गिळायचो. एक दिवस काकी नेहमीप्रमाणं दारात उभ्या राहिल्या, माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि स्वतः येऊन माझ्या पानात सौंदाळा माशाची एक लहानशी तुकडी ठेवली.

"खावा, नाय तर ठेवा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "ह्या घरातली गजाल भायर जाणा नाय."

मी खाल्ली. दुसरी मागितली. पेद्रूनं टोपी काढून मला नमस्कार केला.

घरी मात्र पत्रात लिहीत राहिलो, एका सोवळ्या बाईंकडे जेवायची सोय झाली आहे, काळजी नसावी. काकी दिवसाकाठी दोनदा आंघोळ करायच्या, तेव्हा सोवळ्या म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, अशी मी माझी समजूत घालायचो.

मग आईचं पत्र आलं. समुद्र कधी बघितला नाही, तो बघायला आणि मला भेटायला येते. मी जेवताना पेद्रूला हे सांगत होतो. काकींचे कान दारातच असायचे.

"आवस येतली? कदी?"

"शनिवारी येईल."

"रविवारी जेवतली खंय?"

मी म्हटलं, "बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. काकींनी पुढं काही विचारलं नाही. घरच्याला काय विचारायचं?

आई आली. शनिवारी खोलीवर तिनं पिठलं केलं. रविवारी सकाळी म्हणाली, समुद्र दाखव. बंदराचा रस्ता काकींच्या दारावरून जातो. मी वरच्या आळीतून वळसा घालायचं बघितलं, तर आई म्हणाली, "सगळी माणसं खालून चाललीत, तू कुठं नेतोस?" येताना तरी वरून येऊ, असं मनाशी म्हणालो. पण येताना ऊन चढलं होतं, आईची पावलं जड झाली होती, आणि आम्ही सरळ रस्त्यानंच आलो.

काकी खळ्यात उभ्या होत्या. धुतलेलं लुगडं, नुकते न्हालेले केस, त्यात अबोलीचा वळेसर. इतकं नटलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. लगबगीनं रस्त्यापर्यंत आल्या.

"मास्तरांनू, येवा. पानां मांडलेली आसत. आवशीक घेवन भितुर येवा, उनात कित्या उभी ऱ्हवतास?"

आईनं मला विचारलं, "कोण रे ह्या?"

पडवीत ड्रायव्हर, खलाशी ओळीनं बसलेले दिसत होते. त्यातला कोणीही 'काय मास्तर, आज बांगडो नाय' म्हणाला असता तर संपलं. मी म्हणालो, "कोण की. मी नाही ओळखत. खाणावळवाली असेल, गिऱ्हाइकं बोलावतेय."

काकी दोन हातांवर होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं, एक डोळा बारीक करून. मग आईकडे वळून शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "चूक झाली हो बाई. आमच्याकडे एक मास्तर जेवायला येतात. ते लांबून असेच दिसतात."

कचेरीत गेल्यावर तिकडची माणसं अशी बोलतात. माझ्याशी त्या तसं कधी बोलल्या नव्हत्या.

आई वाटेत म्हणाली, "बाई गोड होती हो." मी चपलेतला खडा काढायला खाली वाकलो. खडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत पेद्रूनं मला गाठलं.

"काल खंय होतंस रे? काकीन आमका उपाशी मारल्यान."

"का?"

"अरे, रविवार, आणि मासो नाय. दोन दिस घर सारवल्यान. माशांची भांडी शेजारणीकडे धाडल्यान. नवी मडकी हाडल्यान. कसला तां भाज्यांचा खतखता, वालीची भाजी, खीर. आणि वाढूक तयार नाय. म्हणता, पयली मास्तराची आवस जेवतली, मगे तुमी. बिडी ओढू नको, मोठ्यान बोलू नको. यष्टीचो ड्रायव्हर आबांक इचारूक लागलो, घरात कोण गेला काय?"

तो हसत होता. मला त्याच्याबरोबर हसावं लागलं.

"दोन वाजता भितुर इली," पेद्रू म्हणाला, "आणि म्हणाली, येवचे नाय ते, वाढ गो. खतखता बाकी झकास होता हां. तुका काय झाला होता?"

"आईला बरं नव्हतं," मी म्हणालो.

आई परत गेल्यावर, बुधवारी, मी काकींकडे गेलो. न जाण्याचं धैर्यही माझ्याकडे नव्हतं. बाकावर बसलो. काकी दारात आल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी बघितलंच नाही.

"मास्तर, आज मासे घेणार की साधं जेवण?"

त्यानंतर दीड वर्ष मी तिथं जेवलो. वाढण्यात कधी हात आखडला नाही. चांगली तुकडी मलाच यायची. पडवी तशीच गजबजलेली, काकींची तीच बोलणी, कोणाला "शिरा पडो तुझ्या तोंडार", कोणाला "वायच आणखी घे रे झिला". फक्त मला मात्र रोज विचारणा व्हायची, आणि तीही पुस्तकी मराठीत. इतरांना त्यात काही दिसलं नाही. उलट एक कारकून म्हणाला, "मास्तरांचा मान मोठा."

एकदा धीर करून मी म्हणालो, "काकी, त्या रविवारी…"

"आमटी गरम आहे. जेवून घ्या," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझी बदली झाली. निघायच्या दिवशी आबा यष्टीवर आले, हातात कोकमाच्या आगळाची बाटली. "तिणा दिल्यान. तुमच्या आवशीक." आईला बाटली दिली तेव्हा मी काय सांगितलं असेल? बाजारातून आणली.

आईला ते आगळ फार आवडलं. त्यानंतर दर उन्हाळ्यात तिचं एकच, तसलं आगळ परत मिळालं नाही. सात-आठ वर्षं मी ते ऐकून घेतलं. एका दुपारी ऐकवेना. सगळं सांगितलं. सौंदाळ्यापासून आगळापर्यंत.

आईनं हातातली वात वळून खाली ठेवली.

"माझ्यापायी इतकी माणसं दोन वाजेपर्यंत उपाशी बसली?"

"हो."

"आणि तू म्हणालास, ओळखत नाही."

"हो."

"मासे खाल्लेस ते खाल्लेस," ती म्हणाली. "ते तुझं तू आणि तुझा देव बघा. मला तिच्याकडे घेऊन चल."

आम्ही गेलो. यष्टीतून उतरून सरळ रस्त्यानं, भर दुपारी. पडवीत तीच तीन बाकं होती. आबा म्हातारे झाले होते. त्यांनी मला ओळखलं, आईकडे बघितलं आणि काही विचारण्याआधीच म्हणाले, "ती गेली. गेल्या पावसात." आत डाव सुनेच्या हातात होता. दारात कोणी उभं नव्हतं.

मी हात जोडून उभा राहिलो. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाकावर बसवलं, इतकंच.

माझी आई परगावी गेली की फिरकीच्या तांब्यातलं, घरून आणलेलं पाणीच पीत असे. त्या दिवशीही तांब्या तिच्या पिशवीत होता, भरलेला. ती माझ्या शेजारी बाकावर बसली आणि आबांना म्हणाली, "थोडं पाणी देता?"

आबा घुटमळले. माझ्याकडे बघितलं. मग आतून पितळेचं भांडं भरून आणलं. आईनं ते दोन्ही हातांनी घेतलं, सावकाश सगळं प्यायली, आणि भांडं परत देताना पडवीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्याला जेवायला वाढा. हा मासे खातो."

सुनेनं पान आणलं. बांगडा होता. आई शेजारी बसून बघत होती. मी पहिला घास उचलला तेव्हा तिनं पदरानं नाक झाकून घेतलं, आणि पदराआडूनच म्हणाली, "काटे बघून खा रे."