डाव्या हाताची कुंची

शैला रणपिसेंना राग यायला वेळ लागत नसे, गिळायला मात्र लागे. एकसष्ट वर्षांत त्यांनी इतका राग गिळला होता की डॉक्टर त्याला आम्लपित्त म्हणत. त्यातला सगळ्यात जुना घास तिसरीतला. मास्तरांनी त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल पाहिली आणि त्याच हातावर पट्टी मारली, तीही कडेने. वर विचारलं, "याच हाताने जेवतेस का गं?" अख्खा वर्ग खिदळला. घरी आईने सुजलेल्या बोटांना हळद लावली आणि म्हणाली, "हात तुझा हाय. मास्तरचा न्हाय." पण आईला शाळेत विचारतंय कोण! शैला उजव्या हाताने लिहायला शिकली. बाकी सगळं डाव्यानेच राहिलं. पुढे छापखान्यात पुस्तकबांधणीला तीस वर्षं काढली, त्याच हाताने हजारो पुस्तकं शिवली, आणि एकाचंही पान सुटल्याची तक्रार कधी आली नाही.

निवृत्तीनंतर वर्षभराने मुलगी चैताली हिला दिवस राहिले. चैताली खराडीला कंपनीत. "आई, ऑनलाइन सगळं मिळतं गं," ती म्हणाली. शैलाताई म्हणाल्या, "मिळू दे." बाळंतविडा आपल्या हातचाच द्यायचा, निदान बाळाची कुंची तरी, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात आई नव्हती, चैतालीला मागून आणलेलं टोपडं घालून घरी आणलं होतं. ते त्यांना अजून सलत होतं. म्हणून वारज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी विणकामाचा वर्ग भरतो, तिथे त्यांनी नाव घातलं.

वर्ग वासंती कानिटकर बाईंचा. बाई पेठेतला वाडा सोडून वारज्याच्या फ्लॅटमध्ये आल्या, पण पेठ काही सोडली नाही. पुरावा भिंतीवरच होता. ‘येथे प्रत्येकीने स्वतःच्याच हाताने विणावे. सासू, नणंद, जाऊ यांनी विणलेले चालणार नाही. आम्हाला कळते.’ मागच्या वर्षी कुणा शालूने जावेकडून स्वेटर विणून घेऊन वर्गाच्या प्रदर्शनात बक्षीस लाटलं, तेव्हापासून ही पाटी. आणि तेव्हापासूनच प्रदर्शनाचं काम घरी न्यायला बंदी. पिशव्या हॉलच्या कपाटात ठेवायच्या आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये.

पहिल्याच दिवशी बाई शेजारी बसून टाके घालायला शिकवू लागल्या. शैलाताईंनी सुई डाव्या हातात घेतली.

"अहो, हे काय? उजव्या हातात घ्या."

"मी डावखुरी आहे, बाई."

"असू द्या की. विणकाम उजव्याच हाताचं असतं."

हे ऐकून शैलाताईंच्या पोटात तो जुना घास पुन्हा वर आला. विणकाम काय मास्तरांच्या पट्टीतून जन्माला आलंय? तरी पंधरा दिवस उजव्या हाताने धडपडल्या. टाके गळायचे, लोकर ताणली जायची, शेजारच्या बायका "होईल हो" म्हणायच्या तेव्हा तर सुई फेकून द्यावीशी वाटायची. मग एका मंगळवारी त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि बाईंच्या अगदी समोर नेऊन ठेवली. समोरून पाहिलं की बाईंचा उजवा हात आरशातल्यासारखा आपल्या डाव्या हाताशी येतो, हे त्यांना घरी केस विंचरताना सुचलं होतं. बाईंना ते खटकलं.

"समोर काय बसताय? मुलाखत घेताय का माझी?"

"हो. नोकरी तुमची पक्की आहे, काळजी करू नका."

त्या दिवसापासून सुया चालायला लागल्या. सुलट, उलट, दोन टाके एकत्र. महिन्याभरात कुंचीला हात घातला, तीच आधी प्रदर्शनात ठेवायची ठरली. पिवळी लोकर, आणि पाठीवर मधोमध पानांची वेल. बाईंच्या नमुन्यात पानं उजवीकडे झुकलेली. शैलाताईंची डावीकडे. नियमाने तशीच पडणार, कारण हातच उलटा. त्यांना ती आवडली. वारा दुसऱ्या बाजूने सुटल्यासारखी दिसत होती. चुकलेली ओळ त्या स्वतःच उसवत, पुन्हा विणत. एक पान तर सहा वेळा उसवलं. बाई जाता-येता म्हणत, "पानं डावी पडतायत हो तुमची." शैलाताई म्हणत, "पडू द्या." दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, शेवटचा टाका बंद झाला. त्यांनी कुंची गालाला लावली, कपाटात ठेवली आणि घरी जाऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

प्रदर्शन रविवारी होतं. शुक्रवारी मांडामांडीसाठी वर्गाला सुट्टी. रविवारी शैलाताई चैतालीला घेऊन गेल्या. तिला नववा लागला होता, चालताना कमरेवर हात ठेवत होती. दारातल्या पहिल्याच टेबलावर, सगळ्यांच्या पुढे, पिवळी कुंची. शेजारी कार्ड. प्रथम क्रमांक, शैला रणपिसे.

"आई! सो क्यूट! तू केलंस हे?"

 शैलाताई पानांकडे पाहत होत्या. सगळी पानं उजवीकडे झुकलेली होती. लोकर त्यांची, कार्डावरचं नाव त्यांचं, आणि मधला एकही टाका त्यांचा नव्हता. त्यांचे कान तापले.

वासंतीबाई हसत आल्या. "कशी झाली? म्हटलं पहिलंच काम तुमचं, चारचौघांत वाकडं दिसायला नको. चार दिवस बसले, सगळी उसवली आणि सरळ करून टाकली. परीक्षकांनी लगेच उचलली बघा!"

किती प्रेमाने बोलल्या! आणि तेच भयंकर होतं. मास्तरांनी मारलं तेव्हा मारलं हे निदान मान्य होतं. इथे तर हात तोडून वर हार घातला होता, आणि आता आभाराची वाट पाहत बाई उभ्या होत्या.

"मला विचारलंत?" शैलाताईंचा आवाज हॉलभर गेला.

"अहो, त्यात विचारायचं काय? चूकच तर दुरुस्त केली."

"चूक नव्हती ती. माझा हात होता तो."

त्यांनी टेबलावरची कात्री घेतली, गळ्याशी लपवलेलं लोकरीचं टोक शोधलं, कापलं आणि ओढलं. ओळीमागून ओळ सुटू लागली. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. प्रमुख पाहुण्यांच्या हातात चहाचा कप तसाच राहिला.

"आई, सगळे बघतायत. सोड ना, प्लीज," चैताली पुटपुटली.

"बघू देत. आयुष्यभर बघतच आलेत."

"काय करताय हे!" वासंतीबाईंचा आवाज चिरकला. "माझी चार दिवसांची मेहनत आहे त्यात!"

शैलाताई थांबल्या. त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. "लागलं ना? माझी दोन महिन्यांची होती."

 लोकर जमिनीवर ढीग करून पडत होती, कुरळी झालेली. चैताली क्षणभर आईच्या हातांकडे बघत राहिली. मग कसलंसं हुं करून तिने खुर्ची ओढली, पोट सांभाळत बसली आणि दोन्ही हात पुढे केले. "इथे गुंडाळ. खाली मळेल." गळा गेला, पानं गेली, काठ गेला. शेवटी मुलीच्या हातांवर नुसती पिवळी लड राहिली आणि टेबलावर प्रथम क्रमांकाचं कार्ड. ते शैलाताईंनी बाईंच्या हातात दिलं.

"तुमचंय."

"आणि बाळाला काय घालणार आता?" बाईंनी विचारलं. आवाजात राग होता आणि थोडं रडूही.

"डॉक्टरांनी बावीस तारीख दिलीय. एकोणीस दिवस आहेत. नाही झाली तर उशिरा घालेल. मागून आणलेलं नाही घालणार."

त्यांनी पिशवीतून सुया काढल्या, खुर्ची उचलली आणि बरोबर पाटीखाली मांडली. बसता बसता वर पाहिलं.

"बाई, पाटीवर सासू, नणंद, जाऊ एवढंच लिहिलंय. तुमचं नाव राहिलंय. खाली जागा आहे."

मग त्यांनी डाव्या हातात सुई धरली आणि पहिला टाका घातला.