उशिरा मिसळलेलं जड पेप्टाइड

परभणीच्या आमच्या प्रयोगशाळेत ज्वारीच्या दाण्यातलं एक प्रथिन मोजायचं काम चाले. एन्झाइमनं त्याचे तुकडे करायचे, म्हणजे पेप्टाइड. मग हुबेहूब तसंच, फक्त वजनानं किंचित जड बनवलेलं पेप्टाइड मोजून मिसळायचं. पुढे गाळण्या-धुण्यात वाया जातं ते दोघांचंही सारखंच जातं, म्हणून शेवटी जडाशी तुलना करून मूळ किती होतं ते कळतं. मात्र जड आधी मिसळलं पाहिजे.

तिच्या नमुन्यांत मी ते नंतर मिसळलं.

ती बोरीची, आमच्याकडे पीएच.डी. करणारी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. माझ्या डब्यातल्या भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खायची. मायनं जपलेलं ज्वारीचं बी तिनं आणलं होतं. "ताई, हिची भाकर लय येळ पोटात ऱ्हाती. तुमचं यंत्र काय म्हनतंय बघू." तिचा सगळा प्रबंध त्या बियांवर होता. त्या दुपारी ती येलदरीला लग्नाला गेली, नमुने माझ्यावर सोपवून. धुऊन झाल्यावर पाहिलं, जडाची कुपी फ्रीजमध्येच. तेव्हा घातलं आणि गप्प बसले. नमुने हैदराबादला मोजून आले. आकडा अर्थातच कमी. तिच्या दाण्यातलं धुण्यात गेलं होतं, जड पुरतं शाबूत होतं.

"मायला उगंच कौतुक," ती एवढंच म्हणाली. ते बी चाचणीतून वगळलं. वर्षभरात तीही प्रयोगशाळा सोडून गावी परतली. जेवताना मी अजून डबा टेबलाच्या मधोमध ठेवते.

गेल्या महिन्यात फ्रीजरच्या तळाशी तिच्या अक्षरातली पुडी सापडली, त्याच ज्वारीच्या मूठभर दाण्यांची. पुन्हा चूक नको म्हणून तीन-तीनदा मोजायला सगळे दळले. जड वेळेवर घातलं. आकडा बाकी साऱ्या वाणांच्या वर आला. कागद घेऊन बोरीला गेले आणि तिला सगळं सांगितलं.



"मंग बी हाय का थोडं?" तिनं विचारलं. "माय गेल्यापासून कुनी पेरलंच न्हाई. आमच्याकडं एक दाना न्हाई."

"सगळं दळलं," मी म्हणाले.

तिनं कागदाची घडी घातली.

"लय हुशार तुमी, ताई." मग उठली. "बसा. भाकर टाकते. दुकानातल्या ज्वारीची हाय."