फिनेलची बाटली

फिनेलचा वास आला की मी अजून तिथून उठून जाते. आमच्या मुठा गावच्या अंगणवाडीत माझ्या लेकीला कधी बसूच दिलं नाही. तिला बोलता यायचं नाही, तोंडातून लाळ गळायची. म्हणून सेविकाबाई खिचडीचा डबा भरून आम्हाला रोज दारातूनच परत पाठवायच्या. एकदा मात्र त्यांचाच निरोप आला, "सायेब येनार हायेत, पोरीला नटवून आना." झेंडूचा हार घालून तिला सगळ्यांच्या पुढं बसवलं, साहेबांनी शेजारी बसून फोटो काढून घेतला. साहेबांची जीप वळणाआड गेली न गेली तोच बाई मदतनीस मावशीला म्हणाल्या, "हितं आधी फिनेल मार, बाकीच्या पोरांना काय लागाया नको." लेक अजून तिथंच बसून टाळ्या वाजवत होती. आता ती मोठी झालीय, लाळ अजून गळते. मी फरशी नुसत्या पाण्यानं पुसते; माझ्या घरात फिनेलची बाटली येत नाही.