एक फिट माणूस
आमच्या शेजारचे ड्रायव्हर बोलण्यात इंग्रजी शब्द एकच वापरत, पण त्याच्याकडून गड्यासारखं काम करून घेत. तब्येत विचारा, "फिट." शाळेच्या बसचं इंजिन, "फिट." जावयाची नोकरी पक्की झाली, कवळी हिरडीवर नीट बसली, चहात साखर बेताची पडली, सगळं फिट. मेव्हणा त्याच बसवर फिटर. त्याची ओळख करून देताना म्हणत, "हा गाडी फिट करतो आणि ह्याची बहीण मला."

आपल्याकडे आधीपासून संशय फिटतो, ऋण फिटतं, डोळ्यांचं पारणं फिटतं. त्यामुळे हा शब्द आला तेव्हा त्याला कुणी परकं मानलंच नाही. त्याचा एक अर्थ मात्र ड्रायव्हरांनी कधी घरात घेतला नव्हता. तो एका दुपारी न विचारताच आला.

सकाळी मुलं शाळेत सोडली की परत आणायला जाईपर्यंत ते डुलकी काढत. त्यांची बायको, आमच्या वहिनी, भांडी पुसत होत्या. खाट खडखडली म्हणून वळून पाहतात तर ह्यांची दातखीळ बसलेली, हातपाय झटकताहेत, ओठाच्या कडेला रक्त. थोड्या वेळानं सगळं थांबलं. ड्रायव्हर उठले आणि जीभ चाचपत बूट शोधू लागले.

"अहो, तुम्हाला फिट आली होती."

"मला? अगं, मी एकदम फिट आहे."

"तेच सांगतेय."

"स्वप्न पडलं असेल तुला."

"भांडी पुसताना?"

"तुझ्या माहेरची माणसं उभ्यानं झोपतात. तुझा भाऊ तर गाडीखाली घोरतो."

वहिनी दवाखान्याचं नाव काढत, ते दुसराच विषय काढत. पुढे आणखी एकदा तसंच झालं. तेवढ्यात वर्षाची तपासणी आली, बसची आणि ड्रायव्हरचीही. बस फिटरनं पास करून आणली. ड्रायव्हर डॉक्टरांकडे निघाले तर वहिनी चपला घालून दारात.

"तू कशाला?"

"घरात बसून तरी काय करू?"

डॉक्टरांनी डोळे पाहिले, छाती पाहिली. "कधी फिट वगैरे?"

"छे."

ते खोटं नव्हतं. ही गोष्टच अशी, की जगाला दिसते आणि फक्त ज्याला येते त्यालाच दिसत नाही. डॉक्टरांनी शिक्का उचलला.

"आलीय डॉक्टर," दाराशी उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या. "दोनदा. ह्यांना कळत नाही. बसमध्ये लहान मुलं असतात हो."

डॉक्टरांनी शिक्का खाली ठेवला. बस फिट ठरली, ड्रायव्हर अनफिट.

घरी परतून चपला काढताना ड्रायव्हर एवढंच म्हणाले, "फिटली हौस?"

शाळेनं त्यांना फाटकावर बसवलं. दुसऱ्यानं चालवलेली आपलीच बस आली की उठून फाटक उघडायचं. फिटर सांगायचा, "दाजी, नवा गडी क्लच जाळतोय." दाजी म्हणायचे, "जाळू दे. गाडी त्याची." तब्येत विचारली तर आता "बरंय" म्हणत. गोळ्या घेत, पण वहिनींच्या हातून नाही. डबी स्वतःच्या खिशात ठेवत. घरात बोलणं मीठ-पाण्यापुरतं उरलं.

एका संध्याकाळी जेवता जेवता, ताटातून मान वर न करता त्यांनी विचारलं, "तेव्हा मी कसा दिसतो गं?"

हे सगळं वहिनींनी नंतर आमच्या हिला सांगितलं. डॉक्टरांपुढे खरं बोलताना जीभ अडली नव्हती, म्हणाल्या, पण तेव्हा अडली.

"कसे म्हणजे? झोपल्यासारखे. अगदी शांत."

ड्रायव्हर हात धुवायला उठताना म्हणाले, "मग डॉक्टरांना सांगितलंस कशाला?"

वहिनींनी ताटं उचलली.