टेपवरचे सतरा 'हव'

साउंडवाल्याकडे किस्से फार साठतात. कानाला हेडफोन लावलेला माणूस दिसला की लोकांना वाटतं, याला काही ऐकू येत नाही, आणि ते त्याच्यासमोर काहीही बोलतात. खरं तर त्या वेळी अख्ख्या घरात फक्त त्यालाच नीट ऐकू येत असतं! शिवाय मी स्वतः बोलत नाही, त्यामुळे ऐकलेलं आतच राहतं. नववीत मी शाळा सोडली, तीही उभं राहून मोठ्यानं वाचायला सांगायचे म्हणून. आज जे सांगतोय ते सगळं वसंतकाकांचं आहे.

*

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. चहाची टपरी 'राजधानी टी स्टॉल' झाली, न्हाव्याचं दुकान 'राजधानी सलून' झालं. मग आमच्या दिग्दर्शक मनीषभैयांना वाटलं, राजधानीला स्वतःची कॉमेडी मालिका नको का?

त्यांच्या चौबे कॉलोनीतल्या घरी आम्हाला बोलावलं. त्यांच्या भाच्यानं परदेशातून एक कॅसेट पाठवली होती. स्कॉटलंडमधल्या एका कामगार कुटुंबाची मालिका. छोटंसं घर, बाप, आई, पोरं आणि सारखी भांडणं. बोलणं इंग्रजी होतं म्हणे. भैया एम.ए. होते, त्यांनाही एक वाक्य कळेना! पण सगळे हसत होते. सगळ्यात जास्त वसंतकाका.

वसंतकाका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, मूळचे अमरावतीकडचे. गणपतीतल्या नाटकांमध्ये त्यांनी उभं आयुष्य काम केलेलं.

भैयांनी विचारलं, "काका, समझ में क्या आया?"

"समजलं काहीच नाही," काका डोळे पुसत म्हणाले. "पण तो बाप आमच्या पार्सल ऑफिसातलाच होय!"

भैयांनी तिथंच ठरवलं. बाप काकाच.

*

मालिकेचं नाव होतं 'दू कुरिया'. छत्तीसगढीत कुरिया म्हणजे खोली. ब्राह्मणपाऱ्यात दोन खोल्यांचं एक घर भाड्यानं घेतलं होतं, तिथंच शूटिंग. काका झाले राईस मिलमधले हमाल, खांद्यावर गमछा. त्यांची बायको झाल्या ललितादीदी, गावोगावी नाचून-गाऊन आलेल्या पक्क्या छत्तीसगढी कलाकार.

काकांची छत्तीसगढी म्हणजे कहर! 'का' विचारायला 'काबर' म्हणायचं, तिथं तोंडातून वऱ्हाडी 'काहून'च निघायचं. भैया सारखे कट म्हणायचे. शेवटी ललितादीदीच म्हणाल्या, "रहन दे भैया, हमर परोस के मराठी कका घलो अइसनेच गोठियाथे." म्हणजे, आमच्या शेजारचे मराठी काकाही असंच बोलतात. मग 'काहून' तसंच राहिलं.

आणि काका बोलायचे किती! पहिल्या भागात त्यांना दीड पानाचं भाषण होतं. एका दमात म्हटलं त्यांनी. त्या दिवशी काकांच्या घरून सुमनकाकू त्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. दाराशी उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं, आणि संपल्यावर म्हणाल्या, "घरी चार हाका मारल्या तरी तोंडातून एक 'हो' निघत नाही, अन् इथं दीड पान!"

काका म्हणाले, "इथं दीदी पुढचं वाक्य ठरल्याप्रमाणे बोलते. तुझं काय ठरलेलं असते?"

*

दहाव्या-अकराव्या भागाला मला हेडफोनमध्ये खरखर ऐकू यायला लागली. मी वायर बदलली. माइक बदलला. गल्लीतल्या देवळाची घंटा थांबेपर्यंत थांबलो. खरखर तिथंच. मग एकदा काका गप्प असताना लक्ष देऊन ऐकलं, तर आवाज स्वच्छ!

तीन दिवस मला ते कोणाला सांगता आलं नाही. चौथ्या दिवशी काका एकटे पायरीवर बसले होते, तेव्हा म्हणालो, "काका, ते वायरीत नाही."

"मले माहीत आहे," काका म्हणाले. "पण तू आधी वायर बदलली, ते बरं केलं."

गळ्यात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. "आवाज जाएगा, आदमी रह जाएगा." काका तयारच होईनात. काकू सेटवर आल्या, सगळ्यांसमोर.

"अहो, आवाजाशी लग्न नाही केलं मी!"

"आवाज गेल्यावर मी कोण राहीन सुमन?"

"माझा नवरा राहाल. तेवढं पुरे नाही का तुमाले?"

चार दिवस काका काकूंशी बोललेच नाहीत, आणि त्यांचा बोलका आवाज थोड्याच दिवसांचा होता. पाचव्या दिवशी म्हणाले, "ठीक आहे. पण मालिकेतला बाप मीच राहीन."

*

अडचण शेठजींची होती. चॅनेल त्यांचं, आणि त्यांच्या मेहुण्याला बाप व्हायचं होतं. काकांचं दुखणं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मेहुणा गमछा घालून हजर झाला असता.

भैया म्हणाले, बापाला मारून टाकू. काका म्हणाले, "नको भैया. बाप मेला की मालिका रडकी होते."

मग ऑपरेशनची तारीख येईपर्यंत भैयांनी दुसरी युक्ती केली. ते काकांची वाक्यं कापत गेले. दीड पानाचं अर्धं पान झालं, अर्ध्या पानाच्या चार ओळी झाल्या. एका भागात ललितादीदी तीन मिनिटं भांडतात, भांडी आपटतात, आणि शेवटी कमरेवर हात ठेवून विचारतात, "त मैं बइही हंव का?" म्हणजे, मी वेडी आहे का?

काकांना एकच शब्द ठेवला होता. त्यांनी गमछा झटकला आणि शांतपणे म्हटलं, "हव."

हव म्हणजे हो. बस, एवढंच!

कॅमेरामन इतका हसला की शॉट हलला. आणि तो भाग लागल्यावर पोट्टे गल्लीगल्लीतून 'हव, हव' करत फिरायला लागले. दीड पान जे करू शकलं नाही, ते त्या दोन अक्षरांनी केलं. लोकांना वाटलं, काय जबरदस्त आयडिया आहे!

*

गोल बाजारात काका-काकू लोटा घ्यायला गेले होते. भांडेवाल्यानं ओळखलं, हात जोडले. "काका, एक बार हव बोल दो!"

डॉक्टरांनी तोपर्यंत बोलायला मनाई केली होती. काकांनी हसून नुसती मान हलवली. भांडेवाला थांबून राहिला. आजूबाजूचे चार दुकानदारही जमले. काकांनी पुन्हा मान हलवली.

"बड़े आदमी हो गए भैया," भांडेवाला म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

रिक्षात काकू चिडल्या. "त्याले एक 'हव' दिला असता तर काय बिघडलं असतं?"

काकांनी खिशातून कागद काढला आणि लिहिलं, 'तो उद्याच्या शूटिंगचा होता.'

तो कागद काकूंनी मला दाखवला होता. अजून त्यांच्या पाकिटात आहे.

*

एक दिवस शेठजी मेहुण्याला घेऊन सेटवरच आले. त्यांना काहीतरी कुणकुण लागली असावी. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "काका, वो पहले एपिसोड वाला लंबा डायलॉग सुनाओ ज़रा. मेहमान को सुनना है."

माझ्या हेडफोनमध्ये काकांचा श्वास येत होता, करवतीसारखा.

तेवढ्यात ललितादीदी स्वयंपाकघरातून बेलणं घेऊन आल्या, थेट शेठजींवर! "जूता पहिन के मोर कुरिया म काबर आए हस?" शेठजी गडबडून बूट काढायला लागले. दीदी मेहुण्याकडे वळल्या, त्याच्या पोटावरून बोलल्या, कपड्यांवरून बोलल्या, आणि मग काकांना विचारलं, "ए मन ला चाय पियाबो का?" यांना चहा पाजायचा का?

काका म्हणाले, "हव."

शेठजी हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले. जाताना दारात भैयांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले. त्यांना वाटलं असेल, हेडफोनवाल्याला कुठं ऐकू येतं!

"इसके डायलॉग मत बढ़ाना. बोलता है तो बिगाड़ देता है."

काका माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना ऐकू आलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही आतल्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या आणि काकांचे 'हव' कॅसेटवर घेतले. पुढच्या भागांसाठी. रागाचा हव, झोपेतला हव, खोटा हव, चहा पाहिजे असतानाचा हव, बायको बरोबर आहे हे पटलेला हव, न पटलेला हव. असे सतरा, कुठलाही आधी, कुठलाही नंतर.

प्रत्येकाआधी मला नंबर बोलायचा होता. माझा आवाज निघेना. काका म्हणाले, "बोल न रे पोट्ट्या, मोठ्यानं बोल. ज्याच्याकडे आहे त्यानं तरी काटकसर करू नये."

सतरा झाल्यावर मी विचारलं, "काका, एक 'नाही' पण घेऊन ठेवू का?"

त्यांना इतकं हसू आलं की खोकला लागला. "संसारात वापरला नाही कधी. राहू दे."

*

काका दवाखान्यात होते तेव्हा मालिकेतला बाप गावाला गेला. मग परत आला. गळ्याचं भोक गमछ्याखाली झाकलेलं, ओठ हलायचे, आवाज माझ्या कॅसेटमधून. शेवटच्या भागापर्यंत बाप काकाच राहिले.

मालिका संपल्यावर मी त्या सतरा 'हव'ची एक कॉपी काढून काकांना दिली, छोट्या टेपरेकॉर्डरसकट. काकूंनी स्वयंपाकघरातून हाक मारली की काका बटण दाबायचे.

पण कॅसेट ती कॅसेट! जो पुढचा असेल तोच वाजणार. काकू विचारायच्या, "भाजीत मीठ बरोबर आहे न?" आणि नेमका खोटा हव यायचा. काकू बाहेर येऊन म्हणायच्या, "काय लपवून राहिले?" "झोपले का?" विचारलं की रागाचा. शिवाय आधी माझा आवाज, "नंबर बारा." मग हव. नंबर पुसायचे मी विसरलोच होतो!

एकदा भेटायला गेलो तर काकूंनी मला दारातच धरलं.

"आमच्या नवराबायकोच्या मधात तू काहून बोलतो रे?"

काका खुर्चीत बसून हलत होते. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता, फक्त खांदे हलायचे. मी म्हटलं, पुसून देतो. काकांनी हातानं खूण केली, राहू दे. आणि काकूंनी एक गोष्ट शिकून घेतली. ज्याचं उत्तर 'हव' असेल, तेवढंच त्या विचारायला लागल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं भांडण होईना, असं त्याच सांगत होत्या.

असं एक वर्ष आणि थोडं वर गेलं.

*

काकांच्या तेरवीनंतर चार-पाच दिवसांनी मी गेलो. दुपार होती. काकू म्हणाल्या, बस, चहा टाकते. बसायला काकांचीच खुर्ची रिकामी होती. बाजूच्या स्टुलावर टेपरेकॉर्डर, त्यावर धूळ नव्हती.

आतून स्टोव्हचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "आलं टाकू का चहात?"

कोणाला विचारलं, मला समजलं नाही. मी काकांच्या खुर्चीत होतो. मी बटण दाबलं.

"नंबर पाच. हव."

किसणीवर आलं किसल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं, "पाऊस येईल असं वाटते, कपडे काढू का?"

"नंबर सहा. हव."

काकू मागच्या दारानं जाऊन कपडे घेऊन आल्या असाव्यात. चहा उकळल्याचा वास आला. स्टोव्ह बंद झाला. आणि आतून, हळू, पण माझ्या कानाला असल्या आवाजांची सवय आहे,

"ऑपरेशन कराले मीच लावलं. राग आहे का अजून?"

माझं बोट बटणावर होतं. टेपवर अकरा 'हव' बाकी होते. रागाचा, झोपेतला, पटलेला, न पटलेला. मी बोट काढलं.

"नाही," मी म्हणालो. मोठ्यानं, नंबर बोलायचो तसं.

आत कपबशी वाजायची थांबली.

"आमच्या नवराबायकोच्या मधात," काकू आतूनच म्हणाल्या, "तू काहून बोलतो रे?"